वर्दी कंत्राटानं देता येते का?



संयोजकांनी मला पोलिसातल्या गमतीजमती सांगायला सांगितलंय. त्या जेवताना सांगेन, तांबडा-पांढरा पुढ्यात आल्यावर. इथं मला दुसरंच बोलायचं आहे.

आपण शाहूपुरीतली पोरं. शाहू महाराजांनी १८९५ साली ही पेठ वसवली ती व्यापारासाठी, मुख्यतः गुळासाठी. आपल्या लहानपणी अडत दुकानांपुढं रात्री राखणदार बसलेले असायचे. गुरखा काठी आपटत गल्लीतून जायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला दारात उभा राहायचा. म्हणजे पैसे घेऊन राखण करणारा माणूस आपल्याला नवा नाही. पण तो गुळाच्या रव्यांची राखण करायचा, माणसांवर हुकूम चालवत नव्हता. चोर सापडला तर चौकीवर आणून द्यायचा. आजचा कायदाही तेवढंच देतो. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिक पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्यात तर पोलिसासारखी वर्दी रखवालदारानं घालणं हाच गुन्हा धरलाय.

मी निवृत्त झाल्यावर, जुलै २०२३ मध्ये, चहा घेताना पेपरात वाचलं की मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाकडून तीन हजार माणसं अकरा महिन्यांसाठी घेणार. कप तसाच हातात राहिला. आता खरं बोलायचं तर महामंडळ सरकारीच आहे, २०१० च्या कायद्यानं झालेलं. गृहमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं, की ही माणसं फक्त पहाऱ्याचं काम करतील, कायदा-सुव्यवस्थेचं नाही, आणि नवे शिपाई तयार होईपर्यंतच. अडचणही खोटी नव्हती. हजारो जागा रिकाम्या असल्या की बंदोबस्ताला माणूस कुठून आणायचा, हे मी सणावारी छत्तीस-छत्तीस तास उभा राहून भोगलंय. तरी मला भीती वाटली. पहाऱ्याचा माणूस गर्दीच्या दिवशी बंदोबस्ताला कधी उभा केला जाईल, हे कोणी सांगावं? त्याच्या महिनाभर आधी, ७ जूनला, आपल्या कोल्हापुरात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दगड, लाठीमार, अश्रुधूर. त्या दिवशी लाठी कुणाच्या हातात आहे आणि तो कुणाला बांधील आहे, याला फार महत्त्व असतं.

एक प्रसंग सांगतो. साल १९९६, एका तालुक्याच्या गावी मी हवालदार, रात्री ठाणे अंमलदार. एका कारखानदाराची माणसं एका कामगाराला घेऊन आली, चोरीचा संशय म्हणून. मागोमाग वरिष्ठांचा फोन आला, ‘दोन दिवस आत ठेव, नोंद करू नकोस.’ गणिताचे सर समोर बसले आहेत. सर, तुम्ही उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या लिहिल्या नाहीत तर शून्य द्यायचा, आठवतंय? पोलीस ठाण्यात त्या पायऱ्या म्हणजे स्टेशन डायरी. मी डायरीत नोंद केली. कामगाराला सकाळी त्याच्या बायकोबरोबर घरी जाता आलं, आणि आठ दिवसांत माझी बदली झाली. पोरांच्या शाळा अर्ध्या वर्षात मोडल्या, आमच्या सौ. महिनाभर धड बोलल्या नाहीत. पण पगार चालू राहिला. संविधानाच्या कलम ३११ मुळं चौकशी केल्याशिवाय मला कुणी सहजासहजी काढू शकत नव्हतं. ‘नाही’ म्हणायची माझी ताकद तेवढीच होती, आणि ती माझी नव्हती, त्या कलमाची होती. अकरा महिन्यांच्या माणसाला सांगायचं, ‘उद्यापासून येऊ नकोस.’ संपलं. तो नोंद करेल का?

आमचं खातं काही देवांचं नाही. मारहाण आमच्याकडूनही झाली आहे, कोठडीत माणसं मेली आहेत. पण निदान बिल्ला नंबर असतो, नावाची पट्टी असते, कोर्टात उभं करायला माणूस सापडतो.

आपल्या गडचिरोलीच्या पलीकडं छत्तीसगडमध्ये सरकारनं पाचवी शिकलेल्या आदिवासी पोरांना महिना तीन हजार मानधनावर विशेष पोलीस अधिकारी केलं आणि नक्षलवाद्यांपुढं उभं केलं. सर्वोच्च न्यायालयानं ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवलं. त्या पोरांच्याही जिवाशी खेळ आणि गावकऱ्यांच्याही. अमेरिकेत याच्याही पुढची पायरी गाठली गेली. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीची सशस्त्र माणसं फिरत होती, आपल्याच नागरिकांमध्ये. दोनच वर्षांनी त्याच कंपनीच्या माणसांनी बगदादच्या निसूर चौकात गोळीबार केला, सतरा इराकी नागरिक मेले. चौघांना शिक्षा व्हायला २०१४-१५ उजाडलं आणि २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी देऊन टाकली.

आता घरचं सांगतो. आपल्याच वर्गातल्या एका मित्राचा मुलगा एका एजन्सीतर्फे रखवालदार होता. पोरगा चांगला, तालमीत जाणारा. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे अशा पोराचं प्रशिक्षण १६० तासांचं, पोलीस शिपायाचं नऊ महिन्यांचं. याला तेवढंही मिळालं नाही, थेट शिट्टी आणि काठी हातात दिली. मालकाच्या सांगण्यावरून त्यानं एका संशयिताला खोलीत कोंडलं, दोन लाफा दिल्या. त्या माणसाच्या कानाचा पडदा फाटला. गुन्हा दाखल झाला तो या पोरावर. मालक म्हणाला, माणूस एजन्सीचा. एजन्सी म्हणाली, आम्ही असं करायला सांगितलंच नव्हतं. मित्र माझ्याकडं आला तेव्हा जामिनासाठी वकील शोधण्यापलीकडं माझ्या हातात काही नव्हतं. केस अजून चालू आहे. मित्र आज मेळाव्याला आलेला नाही, त्याचं कारण हेच, आणि त्याच्या परवानगीनंच मी हे बोलतोय.

त्याच्या धाकट्यानं पोलीस भरतीचा फॉर्म भरलाय. पहाटे साडेपाचला मैदानावर त्याची वेळ लावायला मी जातो. सोळाशे मीटरला अजून बारा सेकंद जास्त लागताहेत.