शासकीय खरेदी आणि मालाची तपासणी

(शाहूपुरी, कोल्हापूर येथे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेले भाषण)



आज आपण ज्या शाहूपुरीत जमलो आहोत, ती पेठ राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये व्यापारवृद्धीसाठी वसविली. येथील गुळाने कोल्हापूरचे नाव दूरवर नेले. गुळाचा सौदा कसा होतो, हे आपणांस सांगावयास नको. रवा समोर असतो. घेणारा रंग पाहतो, कण पाहतो, चव घेतो आणि मगच भाव बोलतो. पारखणारा, पैसे देणारा आणि माल नेणारा मनुष्य तेथे एकच असतो.

शासकीय खरेदीत ही तीन माणसे निरनिराळी असतात. निविदा एका कार्यालयात मंजूर होते, माल दूरच्या कारखान्यात तयार होतो आणि तो वापरतो राधानगरीचा विद्यार्थी किंवा शाहूवाडीच्या आरोग्य केंद्रातील रुग्ण. ज्याला मालाचा दोष भोगावा लागतो, त्याने तो माल निवडलेला नसतो. ही उणीव भरून काढण्यासाठी तपासणी अभिकर्ता नेमावा लागतो.

ही उणीव किती महाग पडते, हे महाराष्ट्राने १९८६ मध्ये पाहिले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेले ग्लिसरॉल रुग्णांना दिले गेले आणि चौदा जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने १९८७ मधील आपल्या अहवालात रुग्णालयातील खरेदी आणि औषध प्रशासन या दोहोंच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. कागद पुरे असले म्हणजे माल चांगला असतो असे नव्हे, हा या घटनेचा धडा आहे.

पूर्वी केंद्राच्या पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालयाचे स्वतःचे निरीक्षक माल तपासून पास करीत. ते महासंचालनालय २०१७ मध्ये बंद झाले. आता शासकीय ई-बाजारपेठेवर (जेम) खरेदी करताना नोंदणीकृत संस्थेकडून तपासणी करून घेण्याची अट घालता येते. ही सोय चांगली आहे. परंतु संस्था नेमताना तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट निःपक्षपातीपणाची. तपासणीचा खर्च पुरवठादारावर टाकला आणि संस्थाही त्यालाच निवडू दिली, तर तपासनीस कोणाचे मीठ खाईल? संस्था खरेदीदाराने निवडावी, अहवाल थेट त्याच्याकडे यावा आणि शुल्क माल पास होण्यावर अवलंबून नसावे.

दुसरी गोष्ट विनिर्देशांची. ‘उत्तम प्रतीचे बाक’ एवढेच पुरवठा आदेशात लिहिले, तर तपासनीस काय मोजणार? लाकडाची जात, लोखंडी नळीची जाडी, रंगाचे थर हे आकड्यांत लिहावे. लागू असलेल्या भारतीय मानकाचा क्रमांक द्यावा.

तिसरी गोष्ट नमुन्याची. पुरवठादाराने पुढे केलेला नमुना हा नमुना नव्हे. तपासनीसाने साऱ्या ढिगातून स्वतः नग निवडावेत, ते मोहोरबंद करावेत आणि पास झालेल्या मालावर खूण करावी. एरवी तपासलेला माल एक आणि पोचलेला दुसरा, असे घडते.

आता माल उतरवून घेणाऱ्यांविषयी. अभिकर्त्याचा दाखला आला म्हणून मुख्याध्यापकांची किंवा ग्रामसेवकांची जबाबदारी संपत नाही. मालविक्री अधिनियम, १९३० अन्वये माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे मानले जात नाही. मात्र वाजवी मुदत उलटेपर्यंत गप्प बसल्यास तो स्वीकारला असे धरले जाते. जेमवर स्वीकृतीच्या दाखल्यासाठी दहा दिवसांची मुदत आहे. म्हणून खोके न उघडता पोच देऊ नये. नग मोजावेत, खूण पाहावी, मंजूर नमुन्याशी ताडून घ्यावेत. दोष आढळल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत नोंद त्यानंतरच व्हावी.

तपासणीला वेळ लागतो आणि मार्चअखेर अनुदान परत जाण्याची भीती असते, ही अडचण खरी आहे. तिच्यावर उपाय एकच : खरेदीचे वेळापत्रक आखतानाच तपासणीचे दिवस त्यात धरावेत. घाईने घेतलेला बाक वर्षभरात मोडतो, तेव्हा वाचविलेले अनुदानही वाया जाते आणि मुले पुन्हा जमिनीवर बसतात.

बाजारात स्वतःच्या पैशाने गूळ घेताना आपण रवा पारखल्याशिवाय घेत नाही. जनतेच्या पैशाने माल घेतानाही तेवढीच दक्षता आपण बाळगावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.