आधी विचारावे, मग लिहावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत. तेव्हा काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्यावे. मंडळासाठी मोबाईलवर भरावयाचा एक संमतीचा फॉर्म मी तयार केला, त्याविषयी दोन शब्द सांगावेत अशी अध्यक्षबाईंची आज्ञा झाली. पण त्याआधी माझ्या हातून घडलेली चूक सांगितली पाहिजे.

गेल्या वर्षी श्रावणात मंडळात रक्ततपासणी झाली. वही माझ्याकडे होती. नाव, वय आणि रक्तातील हिमोग्लोबिनचा आकडा मी लिहीत गेले. संध्याकाळी वाटले, प्रत्येकीला घरी जाऊन कुठे सांगत बसा! म्हणून पानाचा फोटो काढला आणि मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. हेतू चांगलाच होता. पण त्या पानावर एका मुलीचा आकडा सात होता. बाईचा आकडा बारा तरी असावा लागतो. त्या मुलीचे लग्न ठरत होते. फोटो या फोनवरून त्या फोनवर जात मुलाकडच्यांपर्यंत पोहोचला. तिकडून नकार आला नाही, पण निरोपही पुन्हा आला नाही.

रात्री मुलीची आई माझ्या दारात आली. भांडली नाही. एवढेच म्हणाली, “वहिनी, टाकण्याआधी मला एकदा विचारायचं होतं.” मी फोटो काढून टाकला, त्यांची क्षमा मागितली. पण सांडलेले पाणी भरता येत नाही. गोळ्या आणि नीट आहार यांनी मुलीचा आकडा सुधारला, ती आज नोकरी करते. ही हकीकत मी त्या ताईंना विचारूनच सांगत आहे. “सांगा, पण नाव नको,” असे त्या म्हणाल्या. ज्यांना नाव ठाऊक आहे त्यांनीही ते तोंडावर आणू नये, ही विनंती.

यंदा एका महाविद्यालयाच्या शिक्षिका आल्या. बायकांचा आहार आणि रक्त यांविषयी माहिती मोबाईलवरून गोळा करावयाची होती. संमतीचे पान करण्याचे काम अध्यक्षबाईंनी मला दिले. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, “ज्याला चटका बसला, त्यालाच विस्तव कळतो.”

महाविद्यालयाकडून एक तयार मसुदा आला होता. सहा ओळींचे एकच वाक्य, आणि त्याखालच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली! तो मी शेजारच्या मावशींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “हे रेशनचं आहे का गं?” मी म्हटले, जे मावशींना कळले नाही त्याला त्यांची संमती कशी म्हणावी?

मग मी आणि माझी मुलगी रोज रात्री भांडी आवरल्यावर बसू लागलो. तिने मला २०२३ सालच्या वैयक्तिक माहितीच्या कायद्याची ओळख करून दिली. संमती मोकळ्या मनाने, समजून आणि स्वतः कृती करून दिलेली असावी, असे तो सांगतो. सूचना आपल्या भाषेत मिळण्याची सोय हवी. दिलेली संमती परत घेता यावी, आणि परत घेणे देण्याइतकेच सोपे असावे. अठरा वर्षांखालील मुलींसाठी आईवडिलांची संमती लागते.

त्याप्रमाणे पहिल्या पानावर आम्ही लहान वाक्ये लिहिली. माहिती कोण घेते, कशासाठी घेते, काय काय विचारणार, कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, आणि शंका आल्यास कोणाला फोन करावा. खाली तीन निरनिराळे प्रश्न ठेवले. उत्तरे देणार का? रक्ताचा आकडा महाविद्यालयाला देऊ का? तुमचा फोटो छापू का? प्रत्येकापुढे ‘हो’ आणि ‘नाही’, दोन्ही चौकटी रिकाम्या. एकाला हो म्हटले म्हणून तिन्हींना हो झाले, असे नाही. पहिल्याच प्रश्नाला ‘नाही’ म्हटले की फॉर्म आभार मानून संपतो. कारण विचारीत नाही.

उत्तरांच्या तक्त्यात नाव नाही, फक्त क्रमांक आहे. कोणता क्रमांक कोणाचा, ही वही चिटणीसबाईंच्या कुलुपात. तक्ता दोघींखेरीज कोणाला उघडत नाही. फॉर्म भरणारीला इतरांची उत्तरे दिसू नयेत, ती सोयही मुलीने बंद करून घेतली.

तरीही अडचणी आल्याच. एका भगिनीचा फॉर्म तिच्या यजमानांनीच त्यांच्या फोनवर भरून पाठवला. तो आम्ही पुसला, आणि तिला मंडळाच्या फोनवर स्वतः भरू दिला. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवते, आणि “तुम्हाला काय कळलं ते मला सांगा,” असे विचारते. अशा वेळी जवळ एक तिसरी, त्रयस्थ बाई साक्षीला बसते.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र फोनमध्ये नव्हतीच. हळदीकुंकवाचे बोलावणे जसे मोडवत नाही, तसे मंडळाने मागितले की आपल्याला नाही म्हणवत नाही. म्हणून कोणी भरले नाही याची यादी करावयाची नाही आणि बैठकीत विचारावयाचे नाही, असे आम्ही ठरवले.

काहीजणी म्हणाल्या, इतके विचारत बसलात तर कोण भरणार? काहींनी नाही म्हटले, हे खरे. एकीने भरून चार दिवसांनी परत घेतले. तिची ओळ आम्ही त्याच दुपारी पुसली. पुढच्या मंगळवारी ती नेहमीसारखी भजनाला आली, आणि तिला कोणी काही विचारले नाही. माझ्या मते फॉर्म बरोबर झाला, तो त्या दिवशी.

भगिनींनो, आपल्या पिढीला पुष्कळ गोष्टी न विचारताच ठरवून दिल्या गेल्या. निदान आपण एकमेकींना विचारू या. आणि समोरची ‘नाही’ म्हणाली, तर तेही उत्तरच आहे असे समजू या.