टायर घेण्याआधी वाट पाहा

मोटारसायकल घेताना आपण बरीच चौकशी करतो. ॲव्हरेज किती, हप्ता किती बसेल, जुनी गाडी कितीला धरणार, सारे विचारून घेतो. टायर मात्र दुकानदार देईल तो बसवतो. खरे तर गाडीची आणि जमिनीची गाठ पडते ती टायरपाशीच. दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात तो भाग जेमतेम दोन तळहातांएवढा. ब्रेक, वळण, मागे बसलेली माणसे, सगळ्यांचा भरवसा त्या दोन तळहातांवर.

आज बोलायचे आहे ते डांबरावर आणि मातीवर, दोन्हीकडे चालणाऱ्या मोटारसायकलीच्या टायरबद्दल. अशा गाड्यांना कंपन्या ‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणतात. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ साली. दोन्हींचे पुढचे चाक २१ इंची. मोठे चाक खड्ड्यात आणि चाकोरीत कमी अडकते. बजाजने २०२१ साली आणलेल्या सीटी ११० एक्स या साध्या गाडीलाही ठोकळेदार नक्षीचे टायर होते. पण नाव काहीही असो, आपल्या हिंगोली जिल्ह्यात जवळपास प्रत्येक मोटारसायकल हे दुहेरी काम करतेच. महामार्ग, त्यातून फुटणारा गावरस्ता आणि पुढची पाणंद, हे तिन्ही एकाच फेरीत लागतात.

टायरची नक्षी ढोबळमानाने तीन तऱ्हेची असते. पहिली डांबराची. तिच्या खाचा अरुंद असतात, रबर जास्त टेकते. पावसाचे पाणी खाचांतून बाजूला ढकलले जाते. दुसरी निव्वळ मातीची. तिचे ठोकळे उंच आणि सुटे सुटे असतात. ते मऊ जमिनीत रुततात आणि चाकाला पुढे रेटतात. तिसरी या दोहोंमधली. पूर्वी गाडीरस्त्यावर चालणाऱ्या बैलाला नाल मारत. नुसत्या नांगरटीच्या बैलाला तितकी गरज नसे. टायरचे तसेच आहे. काम बघून पाय बांधायचा.

ठोकळ्यांचा टायर दिसायला दणकट असतो, म्हणून तरुण मंडळी तो हौसेने घेतात. पण डांबरावर त्याचे रबर कमी टेकते. रस्ता ओला असला की ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. ब्रेककडे हात-पाय जाईपर्यंतच तेवढे अंतर कटते. त्यापुढे पकड वीस टक्क्यांनी कमी असेल, तर थांबायचे अंतर पंचवीस टक्क्यांनी वाढते. श्रावणात औंढा नागनाथला डबलसीट निघालेल्या माणसाने हा हिशेब जरूर करावा. शिवाय उन्हाळ्याच्या तापल्या डांबरावर असे ठोकळे लवकर झिजतात, तो खर्च वेगळा.

आता आपल्या मातीकडे वळू. औंढ्याच्या डोंगराळ भागात मुरूम आणि सुटी खडी आहे. तिथे मधल्या नक्षीचा टायर चांगली साथ देतो. वसमतकडे पूर्णेच्या कालव्यांखालची काळी, भारी जमीन. ही माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते. पाऊस झाला नाही तरी हळदीला दिलेले पाणी पाणंदीत उतरले की चिखल तयार.

या मातीची एक खोड लक्षात ठेवा. मुसळधार पावसानंतरच्या पातळ गाऱ्यापेक्षा अर्धवट ओली माती जास्त वाईट. ती टायरच्या खाचांत बसते, थरावर थर चढतो आणि नक्षी दिसेनाशी होते. महागाचा ठोकळ्यांचा टायरही मग गुळगुळीत टायरासारखाच घसरतो. पुढे माती मडगार्डखाली दाटते आणि चाक फिरायचेच थांबते. म्हणून स्पष्ट सांगतो, काळ्या चिखलावर मात करील असा टायर बाजारात शोधत बसू नका. ठोकळ्यांमधली मोकळी जागा जास्त असेल तर माती लवकर गळून पडते, मडगार्ड उंच असेल तर चाक कमी अडकते, एवढाच फायदा. त्यापलीकडचा उपाय जुनाच आहे. गाडी सडकेला लावावी, पाणंद पायी तुडवावी, नाहीतर चार तास ऊन पडू द्यावे.

खरा धोका चिखलातून बाहेर पडल्यावर असतो. पाणंदीत गाडी पडली तर कपडे भरतात. पण मातीने भरलेल्या टायरने आपण महामार्गावर येतो आणि लगेच वेग घेतो, तिथे जीव जातो. खाचा बुजलेल्या, ब्रेकला गारा लागलेला, मागून ट्रक. सडकेवर चढण्याआधी दोन मिनिटे थांबा. काडीने खाचा मोकळ्या करा, पुढचा-मागचा ब्रेक हळू दाबून पाहा, मगच निघा.

मग टायर कोणता घ्यावा? एक आठवडा वहीत लिहा, डांबरावर किती किलोमीटर झाले आणि मातीवर किती. दहातले आठ-नऊ डांबरावर असतील, आणि बहुतेकांचे तसेच निघतील, तर मधल्या नक्षीतला डांबराकडे झुकणारा टायर घ्या. निम्मी धाव मुरुमावर असेल तर थोडे उंच ठोकळे चालतील. निव्वळ मातीचा टायर शर्यतीसाठी सोडून द्या. शोभेसाठी कंपनीच्या मापापेक्षा रुंद टायर बसवू नका. मडगार्डातली जागा कमी होते आणि चिखल लवकर दाटतो.

टायरच्या अंगावर लिहिलेले वाचा. शेवटचे चार आकडे २४२५ असतील तर तो २०२५ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनला. पडून राहिलेले रबर कडक होते, म्हणून जुना माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. वजनाचाही आकडा असतो. ५७ म्हणजे २३० किलो, ६२ म्हणजे २६५ किलो. मागे पोती बांधणाऱ्यांनी तो पाहावा. बाण फिरण्याच्या दिशेने बसला आहे ना, हेही पाहा. खाचेच्या तळाशी बारीक उंचवटे असतात. झीज तिथवर आली की टायर संपला समजा.

हवा गाडीवरच्या तक्त्याप्रमाणे, टायर थंड असताना भरा. मातीत पकड मिळावी म्हणून काहीजण हवा काढतात. ट्यूबच्या चाकात फार काढली तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह फाटतो. थोडी काढलीच, तर डांबरावर येताच परत भरा.

आणि एक विनंती. दोन्ही टायर एकदम बदलणे जमत नसेल, तर पुढच्याकडे दुर्लक्ष करू नका. मागचा घसरला तर बऱ्याचदा गाडी सावरता येते, पुढचा घसरला की माणूस पडतोच. मृगाच्या आधी एकदा खाली वाकून दोन्ही टायर नीट पाहा. पाच मिनिटांचे काम आहे.