कणगीतली पाकोळी



कणगी उघडली की वाळल्या कडब्याच्या रंगाच्या, जेमतेम अर्ध्या पेराएवढ्या पाकोळ्या उडतात. आपण त्या झटकतो, दोन-चार मारतो आणि ज्वारी काढून घेतो. पण ही पाकोळी दाणा खातच नाही. तिचं आयुष्य आठ-दहा दिवसांचं, तेवढ्यात शंभरेक अंडी घालून ती मरते. खाते ती तिची अळी, आणि ती दाण्याच्या पोटात असते. आतून दाणा पोखरते, कोषात जाण्याआधी सालीला गोल खिडकी करून ठेवते. महिना-सव्वा महिन्यानं नवी पाकोळी तो पापुद्रा ढकलून बाहेर येते. दाण्याला गोल भोक दिसलं की समजा, आत काही उरलेलं नाही.

तांदळात किंवा शेंगदाण्यात जाळी धरते ती पाकोळी वेगळी, करड्या रंगाची. आपली ही पिवळसर पाकोळी जाळी करत नाही, म्हणून उशिरा लक्षात येते. चाळूनही उपयोग नाही, अळी दाण्यासकट चाळणीतच राहते.

ही घरात येते कुठून? बरेचदा रानातूनच. कणीस पक्व होताना तिथंच अंडी पडतात. म्हणून मळणी लांबवू नका. बियाण्याची कणसं पूर्वी चुलीवर धुरात टांगलेली असायची. आता गॅस आला, कणसं मात्र तशीच आढ्याला! उघड्या कणसात तिला कुठंही शिरता येतं. मळून, दाताखाली कट्कन वाजेपर्यंत वाळवून भरलेल्या धान्यात ती खोल जाऊ शकत नाही, वरच्या वीत-दीड वीत थरातच राहते. तो थर दर पंधरवड्याला बघा. लागलेला असेल तर बाजूला काढा, कडक उन्हात पातळ पसरा. गोळ्या मात्र झोपायच्या घरात नकोतच. त्यांचा वायू माणसालाही मारतो.

मालदांडीचं घरचं बी ठेवणाऱ्यांनी पोळ्याच्या आधी 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत. गोणपाट ओलं ठेवा आणि दहाव्या दिवशी मोड मोजा. 75 पेक्षा कमी निघाले तर ते बी पेरू नका. गटात कुणाचं चांगलं बी आहे ते त्याच आठवड्याच्या बैठकीत विचारा, पेरणीला अजून वेळ असतो.