चढणीचे मासे



मृगाच्या सरी कोसळल्या की कोकणातील नद्या-ओहोळांतून बोटभर लांबीचे कितीतरी मासे प्रवाहाविरुद्ध भातखाचरांकडे चढू लागतात. हेच चढणीचे मासे. उथळ, गवताळ पाण्यात मादी अंडी घालते. नराच्या रेताने ती पाण्यातच फलित होतात आणि बहुधा एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. या वाटेवर गाबोळीने भरलेली एक मादी पकडली, तरी शेकडो अंडी नष्ट होतात.

समुद्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ओहोळाला असा विसावा गावानेच द्यावयाचा आहे. पहिल्या पावसाच्या दिवसांत सापळे व बारीक आसाची जाळी दूर ठेवावीत. बियाण्याचे धान्य शेतकरी दळावयास नेत नाही. मग बियाण्याचे मासे तरी बाजारात का न्यावेत?