मुरलेल्या लाकडाची चिराई

महाविद्यालयात शिकवणाऱ्या माणसाने लाकडाविषयी बोलावे हे कुणाला चमत्कारिक वाटेल. पण गेल्या उन्हाळ्यात तीन फळ्यांनी मला जे शिकवले, ते आज आपल्याला सांगावेसे वाटते.

आमच्या परसात फणसाचे एक जुने झाड होते. 2001 साली वादळात ते पडले. वडिलांनी करवत्ये बोलावले. खोड घोडीवर चढवून एकजण वर, एकजण खाली, अशी दोन माणसांची करवत चार दिवस चालली. सात फूट लांब, दोन फूट रुंद, तीन इंच जाड अशा तीन फळ्या निघाल्या. "चौघा भावंडांच्या घरात यातलं काहीतरी जाईल," एवढेच वडील बोलले, आणि फळ्या सावलीत रचून ठेवल्या. पुढे ते गेले. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी घरात शिरले, फळ्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घाईघाईने आम्ही त्या भिंतीला तिरप्या टेकवल्या आणि विसरून गेलो. ही चूक माझीच. एका अंगाने वारा, दुसऱ्या अंगाला ओली भिंत! फणसाचे तंतू मुळातच एकमेकांत गुंतलेले. फळ्यांना चांगलाच पीळ बसला.

चार भावंडांत तीन फळ्या वाटायच्या कशा? प्रत्येकीची जाडी दुभागली की सहा होतील, हा माझा हिशेब. एक फळी मी वखारीतल्या पट्टा-करवतीवर नेली. घरी आणून पाहतो तो एका टोकाला तिची कड दीड इंच, दुसऱ्या टोकाला पाऊण! दोन्ही भाग वाया गेले. आमचे मिस्त्री म्हणाले, "सर, फळी आधी सपाट करायची, मग चिरायची. वाकड्या पाटावर बसून सरळ रेघ कशी निघंल?"

आता उरल्या दोन फळ्या आणि भावंडे चार. पुन्हा चुकायला जागा नव्हती.

दोन फूट रुंदीची फळी घेईल असे रंधायंत्र जवळपास मिळेना. हातरंध्याने महिना गेला असता. तेव्हा मिस्त्रींचा भाचा साखळी-करवत घेऊन आला. बाजारात तिला चेनसॉ म्हणतात. ओरेगनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या माणसाने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून 1947 च्या सुमारास तिच्या साखळीचे दात घडवले. ज्या किड्याला आपण शिव्या देतो, तोच गुरू निघाला! या करवतीला एक लोखंडी चौकट आवळून बसवतात. चौकट सपाट पृष्ठावरून सरकत जाते आणि पाते तिच्याखाली ठरलेल्या अंतरावर आडवे कापत जाते. पण फळीच वाकडी असेल तर चौकट सरकणार कशावरून? त्यासाठी फळीवर ॲल्युमिनियमची सरळ शिडी पक्की बसवली. पहिला काप त्या शिडीच्या भरवशावर.

खरी कला मात्र त्याआधीच्या पाचरींत होती. मिस्त्रींनी फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवल्या, एक डोळा मिटून पाहिले आणि सांगितले, "सहा सूत पीळ हाय." आठ सुतांचा एक इंच, हे श्रोत्यांपैकी सुतारांना सांगायला नको. मी एका उचललेल्या कोपऱ्याखाली सहा सुतांची पाचर सारू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत तीन-तीन सूत वाटून घ्यायचे! एकाच कोपऱ्याला सगळी पाचर दिली असती, तर दोन्ही बाजू सपाट होईतो सहा सूत जाडी गेली असती. वाटून दिल्यावर तीनच सूत गेली. तीन इंचांची फळी दोन इंच पाच सूत राहिली. गणित मी कागदावर नंतर केले. त्यांना ते आधीच ठाऊक होते.

एक बाजू सपाट झाल्यावर फळी उलटली. आता तळाशी ती सपाट बाजू ठेवायची, पण वरची बाजू अजून वाकडीच. म्हणून शिडी पुन्हा लावली, या खेपेस दोन्ही टोके खालून मोजून. उभ्या चिराईची साखळी निराळी असते. आडव्या कापाला दात तीस अंशांनी घासतात, उभ्याला दहाच्या आसपास. वाळलेल्या लाकडात ती लवकर बोथट होते, म्हणून दर कापानंतर कानस. मागच्या चिरेत पाचरी ठोकत जायचे, नाहीतर पाते आवळते. नाकाला कापड, कानांत बोळे, डोळ्यांना चष्मा. भुसा पिठासारखा उडतो.

दुसऱ्या फळीवर लोहचुंबक फिरवताना ते एका जागी चिकटले. खोदून पाहिले तर गंजलेला जाड खिळा. आम्ही लहान असताना त्या झाडाला झोका होता. खिळा वडिलांनीच ठोकलेला. पात्याचा दात तिथे लागला असता, तर साखळी तुटून माणसाला लागू शकली असती.

मधली चिराई पहिल्या फळीची साखळीनेच केली. चिरेत तीन सूत लाकूड भुसा होऊन गेले, हाती एक इंच एक सुताच्या दोन फळ्या आल्या. माझा जीव हळहळला. म्हणून दुसरी फळी, सपाट झाल्यावर, पुन्हा वखारीत नेली. तिथल्या पट्ट्याने एकच सूत खाल्ले, आणि काप या खेपेस सरळ निघाला. सपाटीला साखळी, दुभागायला पट्टा, असे आता माझे मत आहे. मिस्त्री म्हणतात, वखार जवळ असेल तर!

फळी उलगडली तेव्हा बाहेरून तपकिरी पडलेल्या लाकडाच्या पोटात फणसाच्या गऱ्यासारखा पिवळा रंग तसाच होता. चारही फळ्या मधे पट्ट्या घालून, वर दगड ठेवून तीन आठवडे पडू दिल्या. एकीने थोडा बाक धरला, तो रंध्याने गेला. सगळ्या शेवटी एक इंचाच्या केल्या.

वाटणीला आम्ही चिठ्ठ्या टाकणार होतो. थोरल्या ताईने चिठ्ठ्या बाजूला सारल्या. खिळ्याने जिथे काळा डाग पडला आहे, ती फळी तिने मागितली.