पूर ओसरला, पोरांची भीती ओसरली नाही

पावसाचे दिवस आलेत, म्हणून आज पोरांच्या मनाबद्दल बोलू.

आमचं गाव कृष्णाकाठचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आम्ही पोरंबाळं घेऊन नावेतून बाहेर पडलो. पाणी ओसरल्यावर घरातला गाळ काढला, भांडीकुंडी घासली. पोरांच्या मनात काय साचलंय, ते मात्र उशिरा कळलं.

गटातल्या एकीची नऊ वर्षांची लेक अंथरूण ओलं करू लागली. पत्र्यावर पाऊस वाजला की आईचा पदर सोडेना. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. आम्हीच म्हणालो, "एवढी मोठी झालीस, लाज नाही वाटत?" कुणी दृष्ट काढली. शेवटी आशाताईंनी समुपदेशकांकडे न्यायला सांगितलं. आम्ही "बाजारला जाऊ" म्हणून तिला दवाखान्यात नेलं. पोर रडायची थांबेना. तिला वाटलं, सुई टोचणार, आपल्याला वेडी ठरवलं. ती चूक आमची.

तिथल्या ताईंनी तिला विचारलं, "वस्तीवर राखणीचं कुत्रं असतं ना? चोर येऊन गेला की पुढं कित्येक रात्री पान हललं तरी ते भुंकतं. कुत्रं वाईट नसतं, राखण करत असतं. तुझं मनही तसंच भुंकतंय. धोका गेलाय, हे त्याला हळूहळू कळेल."

बायांनो, पोरांना असंच सोपं सांगा. पूर असो, अपघात असो, घरातलं कुणी अचानक गेलेलं असो. "हे तुझ्यामुळं झालं नाही" हे आवर्जून सांगा, कारण लहान पोरं मनातल्या मनात दोष स्वतःकडे घेतात. रागावू नका, "विसरून जा" म्हणू नका. जेवण, झोप, शाळा यांच्या वेळा नेहमीच्या ठेवा.

समुपदेशनाला नेताना खरं सांगून न्या. "तिथं चित्रं काढायची, खेळायचं, बोलायचं. नको वाटलं तर गप्प बसलं तरी चालतं." एका फेरीत फरक पडत नाही, चार वेळा जावं लागतं, हेही आधीच सांगा.

बरीच पोरं काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा बिघडलेलीच असेल तर मदत घ्या. पोर मरणाची भाषा करत असेल, स्वतःला इजा करत असेल, तर एक दिवसही थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा फोन रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचा विभाग असतो.

ती लेक आता मोठी झालीय. जोराचा पाऊस आला की अजून कधीतरी म्हणते, "आई, कुत्रं भुंकतंय गं." आई हातातलं काम ठेवून तिच्याजवळ जाऊन बसते. थोड्या वेळानं दोघी उठून कामाला लागतात.

येत्या बैठकीत हा विषय जरूर काढा.